बीटा पिक्टोरिसचं गणगोत: सूर्याजवळचे तरुण सहगामी तारे घरबसल्या कसे ओळखायचे

जानेवारीच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेचं क्षितिज मोकळं मिळालं, तर अगस्त्य चुकत नाही. त्याच्या उजवीकडे साधारण सहा अंशांवर चौथ्या प्रतीचा एक तारा आहे (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा उजळ). मुंबईहून तो क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर येतो आणि शहराच्या उजेडात हरवतो. कोकण किनाऱ्यावरून किंवा घाटमाथ्यावरून मात्र तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हा बीटा पिक्टोरिस. अंतर सुमारे ६४ प्रकाशवर्षं, वय दोन-सव्वादोन कोटी वर्षं. सह्याद्रीचा काळा कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. म्हणजे आपले गडकिल्ले ज्या दगडावर उभे आहेत तो थिजून चार कोटी वर्षं उलटल्यावर हा तारा जन्माला आला.

तारे सहसा एकेकटे जन्मत नाहीत, त्यामुळे याचीही भावंडं असणारच. पण ती याच्या आजूबाजूला शोधून सापडत नाहीत. एयू मायक्रोस्कोपी हे त्याचं एक सख्खं भावंड आकाशात त्याच्यापासून तब्बल ९० अंशांवर आहे. ते पाहायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरची संध्याकाळ हवी आणि सोबत द्विनेत्री हवी. दोन तारे आकाशाच्या दोन टोकांना असूनही एकाच घरचे आहेत हे कशावरून ठरतं, आणि ते तुम्ही स्वतः कसं पडताळू शकता, हे या लेखात पायरीपायरीने पाहू. लॅपटॉप, इंटरनेट आणि शाळेतली त्रिकोणमिती एवढी शिदोरी पुरते. दुर्बीण लागत नाही.

गट असतो, पण दिसत नाही

वायूच्या एका मोठ्या ढगातून शेकडो तारे जवळपास एकाच काळात जन्मतात. उरलेला वायू काही लाख ते साधारण एक कोटी वर्षांत उधळून जातो आणि ताऱ्यांना एकत्र धरून ठेवणारं गुरुत्वाकर्षण कमी पडतं. कृत्तिकांसारखे काही गुच्छ टिकतात, बाकीचे सुटतात. सुटलेल्या ताऱ्यांकडे ढगाकडून मिळालेला वेग मात्र राहतो, आणि तो जवळजवळ सारखा असतो.

एक हिशेब लक्षात ठेवा, तो पुढे सतत लागेल: सेकंदाला १ किलोमीटर वेग म्हणजे १० लाख वर्षांत साधारण १ पार्सेक, अर्थात ३.२६ प्रकाशवर्षं. दोन भावंडांच्या वेगात सेकंदाला फक्त एक किलोमीटरचा फरक असला, तरी २.४ कोटी वर्षांत ती एकमेकांपासून सुमारे ८० प्रकाशवर्षं दूर गेलेली असतात. वेगातला फरक नगण्य, जागेतला फरक प्रचंड. वारीच्या गर्दीत एका दिंडीची माणसं मागेपुढे विखुरली तरी चाल एकच असते, तसंच हे.

त्यातून बीटा पिक्टोरिस गट आपल्या इतका जवळ आहे की सूर्य सध्या त्याच्या पसाऱ्यातच आहे. सूर्याचं त्या गटाशी नातं काही नाही, त्याचं वय ४६० कोटी वर्षं. पण आपण आत असल्यामुळे गटातले तारे चारही दिशांना दिसतात, एखादा झुपका म्हणून नजरेत भरतच नाहीत. म्हणूनच नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या या ताऱ्याची भावंडं ओळखायला १९९९ साल उजाडलं. त्या वर्षी एयू आणि एटी मायक्रोस्कोपी या लाल बटू (सूर्याहून लहान आणि थंड) ताऱ्यांचं त्याच्याशी नातं जुळलं, आणि २००१ मध्ये झुकरमन आणि सहकाऱ्यांनी पूर्ण गट मांडला.

इतका खटाटोप कशासाठी? एकट्या ताऱ्याचं वय काढणं खगोलशास्त्रातल्या सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे. गटाचं वय काढणं त्या मानाने सोपं, कारण जड-हलक्या अनेक ताऱ्यांची साक्ष एकत्र करता येते. तारा गटातला ठरला की त्याचं वय आयतं हाती लागतं, आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहाचंही. थेट छायाचित्रात दिसलेल्या तरुण ग्रहाचं वस्तुमान त्याच्या तेजावरून काढतात. ग्रह जन्मानंतर थंड होत जातो, म्हणून वय ठाऊक नसेल तर तेजाला काही अर्थच उरत नाही. बीटा पिक्टोरिस बी, ५१ एरिडानी बी हे ग्रह याच गटातले. २०१३ मध्ये सापडलेला पीएसओ जे३१८.५−२२ तर कोणत्याच ताऱ्याभोवती फिरत नाही, एकटाच भटकतो. त्याचं वस्तुमान गुरूच्या सात-आठ पटच आहे असं आपण म्हणू शकतो ते या गटाच्या वयाच्या भरवशावर. सदस्यत्वाची यादी चुकली तर हे सगळे आकडे चुकतात.

पायरी १: सप्तर्षींवर हात बसवा

थेट बीटा पिक्टोरिसकडे जाऊ नका. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी उत्तरेला सप्तर्षी उंच असतात, त्यांच्यापासून सुरुवात करा. ब्राउझरमध्ये सिम्बाड हे ताऱ्यांचं मोफत कोठार उघडा, सातही तारे त्यांच्या पाश्चात्त्य नावांनी एकेक करून शोधा आणि प्रत्येकाची निजगती लिहून काढा. निजगती म्हणजे तारा आकाशाच्या पडद्यावर वर्षाला किती सरकतो ते. ती मिलि-आर्कसेकंदात (एका अंशाचे ३६०० आर्कसेकंद, त्यातल्या एकाचा हजारावा भाग) दिलेली असते आणि तिचे दोन भाग असतात: पहिला पूर्वेकडचा, दुसरा उत्तरेकडचा. पहिला भाग उणे असेल तर तारा पश्चिमेकडे सरकतो आहे.

तुमच्या कागदावर पूर्वेकडच्या भागाचे साधारण असे आकडे उतरतील. पुलह (मेराक) +८१, पुलस्त्य (फेक्दा) +१०८, अत्री (मेग्रेझ) +१०४, अंगिरा (अलिओथ) +११२, वसिष्ठ (मिझार) +११९. आणि क्रतू (दुभे) −१३४, मरीची (अल्काइद) −१२१.

पाच जण पूर्वेकडे, दोघं पश्चिमेकडे. अंतरंही तपासा: ते पाच जण ८० प्रकाशवर्षांच्या आसपास आहेत, मरीची सुमारे १०४ आणि क्रतू सुमारे १२३ प्रकाशवर्षांवर. चौकोनाच्या टोकाचा आणि शेपटीच्या टोकाचा हे दोन तारे फक्त नजरेच्या रेषेत आले आहेत, बाकीचे पाच खरोखरचे सोबती आहेत. रिचर्ड प्रॉक्टर या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये हे ओळखलं तेव्हा त्याच्यापुढेही असेच निजगतीचे आकडे होते. या गटाचं वय ४० कोटी वर्षांच्या घरात आहे, सूर्यापुढे तरुणच. वसिष्ठाशेजारची अरुंधतीही तपासा. तिची निजगती +१२० येते. नवदांपत्याला लग्नात दाखवतात ती जोडी एकाच कुळातली आहे.

हा सराव मी मुद्दाम आधी सांगतो, कारण त्यात सगळ्या पद्धतीचं मर्म आहे: आकाशात कोण कोणाशेजारी दिसतं याला किंमत नाही, कोण कुठे चाललंय याला आहे.

पायरी २: साधनं जमवा

सिम्बाड झालंच. दुसरं व्हिझिआर हे खगोलीय सूचींचं संकेतस्थळ, तिथे ताऱ्यांची स्थानं, अंतरं आणि गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाची तिसरी सूची संपूर्ण मिळते. गाया १९ डिसेंबर २०१३ रोजी उडाला, जानेवारी २०२५ पर्यंत मोजमाप करत राहिला, आणि जून २०२२ मध्ये आलेल्या तिसऱ्या सूचीत १८० कोटींहून जास्त नोंदी आहेत. तिसरं साधन टॉपकॅट, तक्ते हाताळायचं मोफत सॉफ्टवेअर. साध्या लॅपटॉपवर चालतं, फक्त जावा लागतं. चौथं म्हणजे माँट्रियलच्या खगोलशास्त्रज्ञांनी केलेलं बॅन्यन सिग्मा, तारा कोणत्या गटात बसतो याची संभाव्यता सांगणारं. ते सगळ्यात शेवटी उघडायचं. आधी उघडलंत तर उत्तर मिळेल, पण ते का मिळालं हे कळणार नाही.

पायरी ३: एका ताऱ्याचा पूर्ण वेग काढा

सिम्बाडवर बीटा पिक्टोरिस शोधा आणि तीन गोष्टी उतरवून घ्या: पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे तारा जागेवरून हलल्यासारखा दिसतो तो कोन, त्यावरून अंतर कळतं) सुमारे ५१ मिलि-आर्कसेकंद, निजगती पूर्वेला ४.७ आणि उत्तरेला ८३.१, आणि अरीय वेग, म्हणजे आपल्यापासून दूर जाण्याचा किंवा जवळ येण्याचा वेग, सेकंदाला +२० किलोमीटर. धन म्हणजे दूर.

अंतर: १००० भागिले पराशय. १००० ÷ ५१ = १९.६ पार्सेक.

एकूण निजगती: दोन्ही भागांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. ८३.२ मिलि-आर्कसेकंद, म्हणजे ०.०८३२ आर्कसेकंद.

आडवा वेग: ४.७४ × निजगती (आर्कसेकंदात) × अंतर (पार्सेकमध्ये). ४.७४ × ०.०८३२ × १९.६ = ७.७ किलोमीटर प्रतिसेकंद. हा ४.७४ कुठून आला? पृथ्वी-सूर्य अंतर एका वर्षात पार करायचं तर सेकंदाला जितके किलोमीटर पडतात, तितका तो आकडा आहे.

आता २० आणि ७.७ यांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: २१.४.

हेच एयू मायक्रोस्कोपीसाठी करा. पराशय १०२.९, म्हणून अंतर ९.७ पार्सेक. निजगती पूर्वेला २८१, उत्तरेला −३६०, एकूण ०.४५७ आर्कसेकंद. आडवा वेग २१.०. अरीय वेग −४.५ च्या आसपास. एकूण वेग २१.५.

एक तारा जवळजवळ सरळ आपल्यापासून लांब पळतो आहे, दुसरा जवळजवळ पूर्ण आडवा चालला आहे, निजगतीत पाचपटीहून जास्त फरक आहे. आणि तरी एकूण वेग २१.४ आणि २१.५. हे गणित कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहा. वाचून जे समजतं त्यापेक्षा हे दोन आकडे आपल्या हाताने शेजारी-शेजारी उमटताना पाहणं वेगळं आहे.

इथे दोन ठिकाणी नवखे हमखास अडखळतात. एक, सूचीतला निजगतीचा पूर्वेकडचा भाग क्रांतीच्या (ताऱ्याच्या उत्तर-दक्षिण स्थानाच्या) कोज्येने (cos) आधीच गुणलेला असतो, तो पुन्हा गुणायचा नाही. दोन, मिलि-आर्कसेकंदाचं आर्कसेकंद करायचं राहून गेलं तर वेग हजारपट येतो. सेकंदाला काही हजार किलोमीटर असं उत्तर आलं तर आधी तिथेच बघा.

पायरी ४: दिशा जुळते का?

वेग सारखा असणं पुरेसं नाही, दिशाही एकच हवी. समांतर जाणाऱ्या सगळ्या ताऱ्यांच्या निजगतीचे बाण आकाशात लांबवले तर ते एका बिंदूकडे जातात. त्याला अभिसरण बिंदू म्हणू. बीटा पिक्टोरिस गटासाठी तो विषुवांश (पूर्व-पश्चिम स्थान) ५ तास ५४ मिनिटं, क्रांती −३० अंश इथे येतो, शशक तारकासमूहाच्या दक्षिणेला. बीटा पिक्टोरिस त्याच्या २१ अंश दक्षिणेला आणि किंचित पश्चिमेला आहे. मग त्याची निजगती कुठे वळलेली हवी? उत्तरेला, किंचित पूर्वेकडे. आणि ती तशीच आहे: उत्तरेला ८३, पूर्वेला ४.७.

आता कोणताही उमेदवार तारा घ्या. त्याचं या बिंदूपासूनचं कोनीय अंतर काढा. गटाचा एकूण वेग २१.४ धरून त्या कोनाची कोज्या लावली की अपेक्षित अरीय वेग मिळतो, ज्या (sin) लावली की अपेक्षित आडवा वेग. एयू मायक्रोस्कोपीचा कोन सुमारे १०६ अंश आहे, म्हणून अपेक्षित अरीय वेग −५.९ आणि आडवा २०.५. मोजलेले −४.५ आणि २१.०. दीड किलोमीटरपर्यंतचा फरक गटाच्या स्वतःच्या पसाऱ्यात बसतो.

या पायरीचा खरा उपयोग ज्यांचा अरीय वेग मोजलेलाच नाही अशा मंद ताऱ्यांसाठी आहे. आडवा वेग आणि बाणाची दिशा जुळली, तर अरीय वेग किती निघायला हवा याचं भाकीत तुम्ही आधी लिहून ठेवू शकता. पुढे कोणी तो मोजला आणि तुमच्या आकड्याशी जुळला, तर ती साक्ष भक्कम.

पायरी ५: तीन घटकांत वेग मांडा

हजारो तारे एकदम तपासायचे तर एकेकाचा बाण काढत बसणं शक्य नाही. म्हणून वेगाचे तीन घटक करतात. यू आकाशगंगेच्या केंद्राकडे, म्हणजे धनू राशीच्या दिशेने. व्ही आकाशगंगा ज्या बाजूला फिरते त्या बाजूला, हंसाच्या दिशेने. डब्ल्यू आकाशगंगेच्या प्रतलाला काटकोनात, अरुंधती-केशाच्या दिशेने. जुन्या पुस्तकांत आणि काही तक्त्यांत यू उलट्या दिशेने धन धरलेला असतो. कुठलाही तक्ता वापरण्याआधी ओळखीच्या ताऱ्याचं चिन्ह तपासून घ्या.

वरच्या दोन ताऱ्यांचं उत्तर असं येतं. बीटा पिक्टोरिस: −११.१, −१६.०, −९.१. एयू मायक्रोस्कोपी: −१०.०, −१६.१, −१०.२. गटाची सरासरी: −१०.९, −१६.०, −९.०.

शेजारच्या गटांशी ताडून पाहा. टुकाना-होरोलोजियम गट, वय सुमारे ४.५ कोटी वर्षं: −९.८, −२०.९, −१.०. एबी डोराडस गट, वय १५ कोटींच्या आसपास: −७, −२८, −१४. फरक काही किलोमीटरचेच आहेत, आणि याला कारण आहे. सूर्य स्वतः आसपासच्या ताऱ्यांच्या सरासरीपेक्षा सेकंदाला सुमारे ११, १२ आणि ७ किलोमीटरने वेगळा चालतो. त्यामुळे शांतपणे आकाशगंगेसोबत फिरणारा वायू, आणि त्यातून नुकतेच जन्मलेले तारे, आपल्याला उलट्या चिन्हाने −११, −१२, −७ च्या आसपास दिसतात. सगळे तरुण गट याच छोट्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसले आहेत. म्हणून या कोपऱ्यात सापडलेला तारा तरुण असण्याची शक्यता बरी, पण तो नेमक्या कोणत्या गटातला हे सांगायला मोजमाप अचूक लागतं.

पायरी ६: स्वतः शोध घ्या

व्हिझिआरवर गायाच्या तिसऱ्या सूचीचा मुख्य तक्ता उघडा. स्तंभांच्या शेजारच्या रिकाम्या चौकटींत अटी लिहायच्या: पराशय २० पेक्षा जास्त, म्हणजे ५० पार्सेकच्या आत; पराशय त्याच्या त्रुटीच्या निदान २० पट; आणि आरयूडब्ल्यूई हा गुणवत्तेचा आकडा १.४ पेक्षा कमी. डाव्या बाजूला ओळींची मर्यादा मुळात ५० असते, ती काढून अमर्याद करा. नाहीतर पहिल्या ५० ताऱ्यांनाच अख्खं आकाश समजून बसाल. फाईल फिट्स (FITS, खगोलशास्त्रात रुळलेल्या) स्वरूपात उतरवा.

किती तारे येतील? १०० पार्सेकच्या आतल्या ताऱ्यांची गायावरून केलेली यादी ३,३१,३१२ नोंदींची आहे. ५० पार्सेकमध्ये घनफळ आठपट कमी, म्हणजे काही दहा हजार. टॉपकॅटला हे किरकोळ आहे.

टॉपकॅटमध्ये गायाच्या सहा स्तंभांवरून यू, व्ही, डब्ल्यू काढणारं तयार सूत्र आहे. नवीन स्तंभ जोडताना ते वापरा आणि पहिली तपासणी म्हणून तक्त्यात एयू मायक्रोस्कोपी शोधून तुमचा हाती काढलेला आकडा येतो का पाहा. मग गटाच्या सरासरीपासून सेकंदाला ५ किलोमीटरच्या आत असणारे तारे निवडा. गटाचा खरा पसारा याहून कमी आहे, पण मंद लाल ताऱ्यांच्या अरीय वेगात काही किलोमीटरची त्रुटी सहज असते. चाळणी सुरुवातीलाच बारीक केली तर आपलीच माणसं गळतात.

गळण्याची आणखी दोन कारणं आहेत. आरयूडब्ल्यूईची अट जोडताऱ्यांना बाहेर फेकते, कारण जोडीदाराच्या ओढीने ताऱ्याची वाट वाकडी होते आणि गायाच्या साध्या गणितात बसत नाही. तरुण गटांत जोडतारे भरपूर असतात. म्हणून नाकारलेल्यांची दुसरी फाईल वेगळी ठेवा, फेकू नका. आणि ५० पार्सेकच्या कुंपणाबाहेरही सदस्य आहेत. व्ही४०४६ सॅजिटारी ही याच गटातली जोडी सुमारे ७२ पार्सेकवर आहे. पहिल्या फेरीत कुंपण लहान ठेवलेलं बरं, हात बसला की वाढवा.

पायरी ७: वय विचारा. ही पायरी टाळू नका

इथवर आलेल्या यादीत तोतये असणारच. आकाशगंगेच्या मध्यभागी असलेला ताऱ्यांचा दांडा आणि तिच्या सर्पिल भुजा वेगवेगळ्या वयाच्या, काही नातं नसलेल्या ताऱ्यांना एकसारख्या वेगात लोटतात. व्याधाचं उदाहरण बोलकं आहे. त्याचा वेग सप्तर्षी गटाशी चांगला जुळतो आणि अनेक दशकं तो त्याच कुटुंबातला मानला गेला. पण त्याचं वय २४ कोटी वर्षांच्या आसपास निघतं, गटाचं ४० कोटी. चाल जुळली, जन्मवेळ जुळली नाही. माझ्या मते वेगाच्या जुळणीवरच थांबून नवा सदस्य सापडल्याचं जाहीर करणं हा या विषयातला सर्वांत मोठा बेजबाबदारपणा आहे.

घरबसल्या करता येणारी पहिली वयतपासणी म्हणजे रंग-प्रत आलेख. गायाची दृश्य प्रत घ्या, तीत पराशयाच्या (मिलि-आर्कसेकंदात) लॉगरिदमची पाचपट मिळवा आणि १० वजा करा. ही निरपेक्ष प्रत, म्हणजे तारा १० पार्सेकवर असता तर दिसली असती ती. आडव्या अक्षावर निळ्या आणि तांबड्या प्रतीतला फरक. तुमच्या ५० पार्सेकच्या सगळ्या ताऱ्यांचा आलेख काढला की मुख्य श्रेणीचा, म्हणजे स्थिरावलेल्या प्रौढ ताऱ्यांचा, पट्टा स्वच्छ उमटतो. त्यावर उमेदवार वेगळ्या रंगात टाका. दोन कोटी वर्षांचा लाल बटू तारा अजून आकसतो आहे, तो फुगलेला आहे, म्हणून त्याच रंगाच्या प्रौढ ताऱ्यापेक्षा उजळ दिसतो. एयू मायक्रोस्कोपीची दृश्य प्रत ७.८, निरपेक्ष ७.९ येते, म्हणजे पट्ट्यापेक्षा जवळपास एक प्रत वर. पट्ट्यातच बसलेला लाल बटू उमेदवार यादीतून काढा. पट्ट्याच्या वर आहे पण थोडाच, तर सावध राहा: दोन सारखे तारे एकत्र मिसळून दिसले तरी ०.७५ प्रत उजळ दिसतात. आणि ही तपासणी लाल, थंड ताऱ्यांवरच चालते. सूर्यासारखे आणि त्याहून तापट तारे एवढ्या काळात मुख्य श्रेणीला येऊन टेकलेले किंवा टेकत आलेले असतात.

दुसरी साक्ष खोडकरपणाची. तरुण तारे वेगाने फिरतात, त्यांच्यावर मोठे डाग असतात, ज्वाळा उसळतात, क्ष-किरण जोरात येतात. ताऱ्यांचं तेज सलग मोजणाऱ्या टेस उपग्रहाचे प्रकाशालेख (वेळेनुसार बदलणाऱ्या तेजाचे आलेख) मोफत मिळतात. एयू मायक्रोस्कोपीचा आलेख काढलात तर ४.८६ दिवसांची ठळक लाट दिसते, तिच्यावर ज्वाळांचे टोकदार सुळके. आणि याच आलेखांतून २०२० मध्ये त्याचा ८.४६ दिवसांत फेरी मारणारा ग्रह जाहीर झाला. मात्र चपळ फिरणं म्हणजे तारुण्यच असं नाही. जवळच्या जोडीतले म्हातारे तारेही एकमेकांना गरगर फिरवत ठेवतात.

सर्वांत भरवशाची साक्ष लिथियमची. ६७०८ ऑंगस्ट्रॉम तरंगलांबीवरची लिथियमची रेषा वर्णपटात आहे की नाही हे पाहायचं. ताऱ्याच्या पोटातलं तापमान सुमारे २५ लाख अंशांवर गेलं की लिथियम जळून जातं, आणि लाल बटू ताऱ्यांचं पोट सतत घुसळत असल्याने पृष्ठभागावरचंही संपतं. हलका तारा त्या तापमानाला उशिरा पोचतो. त्यामुळे प्रत्येक वयाला एक सीमा असते: तिच्याहून मंद ताऱ्यांत लिथियम शिल्लक, किंचित उजळ ताऱ्यांत गायब. बीटा पिक्टोरिस गटात ती एम-४ वर्गाच्या (लाल बटू ताऱ्यांच्या तापमानानुसारच्या एका प्रकाराच्या) आसपास आहे, आणि तिच्यावरूनच गटाचं २.१ ते २.४ कोटी वर्षं हे वय निघालं. ताऱ्यांच्या वाटा मागे नेऊन ते सर्वांत जवळ कधी होते हे पाहिलं, तर १.८५ कोटी वर्षं येतात. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत, वाद अजून मिटलेला नाही. म्हणून लिहिताना वयापुढे ‘सुमारे’ लावायला विसरू नका. लिथियमसाठी वर्णपट घ्यायचा तर जुन्नरजवळच्या गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे, त्या दर्जाचं साधन लागतं. आधी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांत तुमच्या ताऱ्याचं लिथियम कोणी मोजलं आहे का हे सिम्बाडच्या संदर्भयादीतून पाहणं हा आपल्यासाठी व्यवहार्य मार्ग.

पायरी ८: आता बॅन्यन सिग्मा

२०१८ मध्ये जोनाथन गान्ये आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही पद्धत १५० पार्सेकच्या आतल्या २७ गटांशी तुमचा तारा ताडते आणि प्रत्येकासाठी संभाव्यता देते. कोणत्याच गटातला नसण्याचीही. वेबपानावर स्थान, निजगती, पराशय आणि असेल तर अरीय वेग भरायचा. पहिल्यांदा एयू मायक्रोस्कोपी भरा, मग क्रतू, मग तुमचे उमेदवार.

९० टक्क्यांची रेषा इथे वापरतात, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. पद्धत बांधणाऱ्यांनीच सांगितलं आहे की सगळी मोजमापं दिली तर या रेषेवर सुमारे ९० टक्के खरे सदस्य सापडतात, अरीय वेग नसेल तर ८२, आणि फक्त निजगती दिली तर निम्मेच. म्हणून अपुऱ्या माहितीवर कमी आकडा आला की तारा बाद करू नका. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: हे गणित जागा आणि वेग पाहतं, वय पाहत नाही. ९९ टक्के आले आणि तारा मुख्य श्रेणीवर निवांत बसलेला लाल बटू असेल, तर तो तोतया.

मी उमेदवारांची विभागणी अशी करतो. जागा, तिन्ही घटकांत वेग आणि वयाची निदान एक स्वतंत्र साक्ष असेल तर पक्का. अरीय वेग नाही पण वयाची साक्ष आहे, तर बळकट उमेदवार, शेजारी अपेक्षित अरीय वेगाचं भाकीत लिहिलेलं. वेग जुळतो पण वयाचा पत्ता नाही, तर नुसती नोंद. तिसऱ्या रकान्यातला तारा पहिल्यात न्यायचा मोह फार होतो, विशेषतः तो आपण स्वतः शोधलेला असला की.

शेवटी प्रत्येक नाव सिम्बाडवर पाहा. बहुतेक पक्के तारे आधीच कोणाच्या ना कोणाच्या यादीत असतील, आणि तसे निघाले तर तुमची चाळणी नीट चालते आहे. न सापडलेली मोजकी नावं उरतील त्यांचा तक्ता करा: गायाचा क्रमांक, तिन्ही वेग-घटक त्रुटींसह, निरपेक्ष प्रत, वयाच्या साक्षी, अपेक्षित अरीय वेग. या विषयात काम करणाऱ्या संशोधकाला लिहिताना असा तक्ता जोडला तर तो वाचला जाण्याची शक्यता खूप वाढते. गायाची चौथी सूची डिसेंबर २०२६ साठी ठरवलेली आहे. तिच्यात प्रत्येक ताऱ्याची वेळोवेळची सुटी मोजमापं असतील, त्यामुळे जोडताऱ्यांच्या वाकड्या वाटा उलगडता येतील. आरयूडब्ल्यूईच्या अटीमुळे बाहेर गेलेल्यांची ती दुसरी फाईल पुन्हा चाळायची वेळ तेव्हा येईल.